विचारा की! अस्वलावर पीएचडी करायचीय, पण जंगल कुठलं आणि पैसा कुणाचा?

या महिन्यात टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अस्वलच अस्वल आलंय. एकाने विचारलं, त्याच्या मित्राने विचारलं, मग मित्राच्या कॉलेजातल्या अर्ध्या वर्गाने. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त अस्वल. नावं कुणाचीच छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

प्रश्न : मी बीएस्सी थर्ड इयरला आहे, झूलॉजी घेऊन. अमेरिकेतल्या काळ्या अस्वलांचे व्हिडिओ बघून बघून डोक्यात तेच बसलंय. बर्फातल्या गुहेतून झोपलेलं अस्वल काढायलेत, वजन करायलेत, पिल्लं जॅकेटात धरून उभे राहिलेत. मला त्याच्यावरच एमएस नाहीतर पीएचडी करायचीय. घरी चार एकर कापूस-सोयाबीन, वडील म्हणतेत तिकडं जायला चाळीस लाख लागतेत. मार्क ६८ टक्के, इंग्रजी जेमतेम. होईल का? (किनवट)

उत्तर : होईल, पण चाळीस लाखवाला रस्ता तुझा नाहीच, तो वडिलांना सांग की विसरा म्हणून. ते कॉम्प्युटरवाल्या पोरांचं गणित आहे. वन्यजीव संशोधनाच्या एमएस-पीएचडीत तिकडं असिस्टंटशिप नावाचा प्रकार चालतो, म्हणजे तू प्रोफेसरच्या प्रोजेक्टवर नाहीतर ज्युनिअर पोरांना प्रॅक्टिकल शिकवायला आठवड्याला साधारण वीस तास काम करायचं आणि विद्यापीठ तुझी ट्यूशन फी माफ करून वर महिन्याचा पगार देतं. पगारात चैन होत नाही, भागतं. विमानाचं तिकीट, व्हिसा, पहिल्या महिन्याचं भाडं एवढं तरी आपल्या खिशातून जातं. आणि जो प्रोफेसर म्हणतो ये, पण पैसे तुझे तू बघ, त्याच्याकडं जाऊ नये, असं माझं सरळ मत आहे.

आता हा पैसा येतो कुठून हे नीट समजून घे, कारण इथंच आपल्याकडची बरीच पोरं फसतात. आपल्याकडं पीएचडी म्हणजे आधी विषय शोधायचा, मग गाईड, मग फेलोशिप, मग परवानगी. तिकडं काळ्या अस्वलाच्या बाबतीत बहुतेक वेळा उलटं असतं. राज्याच्या वन्यजीव खात्याला एखादा प्रश्न पडलेला असतो, आमच्याकडं अस्वलं किती, वाढतायत का घटतायत, गावात का शिरतायत, आणि ते खातं विद्यापीठाला पैसे देऊन सांगतं की एक विद्यार्थी घ्या आणि उत्तर काढा. मग ती जागा नोकरीसारखी जाहिरातीत येते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा वन्यजीव नोकऱ्यांचा बोर्ड प्रसिद्ध आहे, त्यावर अशा जागा येत असतात. शिवाय १९३५ पासून तिकडं कोऑपरेटिव्ह रिसर्च युनिट म्हणून व्यवस्था आहे, केंद्राची यूएसजीएस ही संस्था, राज्याचं खातं आणि विद्यापीठ मिळून चालवतात, आणि तिथले शास्त्रज्ञ एमएस-पीएचडीचे विद्यार्थी घेतात. म्हणजे 'माझा विषय' घेऊन दार वाजवण्यापेक्षा 'तुमच्या प्रश्नावर काम करायला मी तयार आहे आणि मला हे हे येतं' असं म्हणणाऱ्याला लवकर आत घेतात.

आणि एक गोष्ट व्हिडिओत नसते ती आत्ताच सांगतो. खात्याच्या पैशाचा मोठा वाटा शिकारीच्या लायसन्स फीचा आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा, त्यात बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला वळवला जातो. काळ्या अस्वलाची तिकडं कितीतरी राज्यांत कायदेशीर शिकार होते, तो प्राणी दुर्मीळ नाही, उत्तर अमेरिकेत आठ लाखांच्या वर अस्वलं आहेत असा अंदाज दिला जातो. त्यामुळं तुझ्या संशोधनातून निघालेल्या आकड्यावर पुढच्या सीझनला किती परवाने द्यायचे हे ठरू शकतं. काही राज्यांत शिकाऱ्याने मारलेल्या अस्वलाचा एक छोटा दात खात्याला पाठवायचा असतो, त्याच्या मुळाचा पातळ काप घेऊन झाडाची वर्षं मोजावीत तसं वय मोजतात. मी बरोबर-चूक काहीच म्हणत नाही, पण आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, आणि पोचल्यावर तोंड वाकडं करण्यापेक्षा इथंच मनाशी ठरवलेलं बरं. संवर्धनाची बाजूही तिथं आहेच की. १९०२ साली प्रेसिडेंट रूझवेल्टने मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला नकार दिला आणि त्यावरून टेडी बेअर नावाचं खेळणं आलं, ते अस्वल ज्या जातीतलं ते लुइझियाना काळं अस्वल १९९२ मध्ये संकटग्रस्त यादीत गेलं होतं आणि अधिवास सुधारून, अस्वलं दुसऱ्या भागात नेऊन सोडून, मोजणी करून २०१६ मध्ये यादीतून बाहेर आलं.

जागा म्हणशील तर टेनेसी विद्यापीठाचं नाव घ्यावंच लागेल, स्मोकी माउंटन्समध्ये १९६० च्या दशकाच्या शेवटापासून अस्वलांवर काम केलेलं. मिनेसोटात राज्याच्या खात्याचा प्रोजेक्ट १९८१ पासून चालू आहे, तू बघितलेले गुहेचे व्हिडिओ असल्याच कामाचे असणार, मार्चच्या आसपास झोपलेल्या मादीच्या गुहेत जाऊन कॉलर, म्हणजे ती कुठं फिरते ते कळवणारा गळ्यातला पट्टा, बदलतात, जानेवारीत जन्मलेली पिल्लं मोजतात. ते अस्वल थंड राज्यांत सहा-सहा महिने खात नाही, पीत नाही, लघवीसुद्धा करत नाही, आणि तरी वसंतात चालायला लागतं, म्हणून मेडिकलवाल्यांनाही त्याच्यात इंटरेस्ट. पण रोजचं काम व्हिडिओसारखं नसतं. काटेरी तारेचं कुंपण करून मधे वासाचं आमिष ठेवायचं, अस्वल तारेखालून गेलं की केस अडकतात, ते चिमट्याने काढून पाकिटात घालायचे, डीएनए लॅबला पाठवायचे आणि कोणतं अस्वल कुठं कुठं गेलं त्यावरून संख्या काढायची. पुढं महिनोन्‌महिने खुर्चीत बसून कॉम्प्युटरवर आकडेमोड. म्हणून आत्ताच आर (आकडेमोडीचं सॉफ्टवेअर) आणि क्यूजीआयएस (नकाशांचं) शिकायला लाग, दोन्ही फुकट आहेत, आणि ६८ टक्क्यांची कसर तिथं भरून निघू शकते. आणि हसू नकोस, गाडी चालवायचं लायसन्स काढ. तिकडच्या जाहिरातींत पिकअप चालवता येणं, ओझं उचलून डोंगर चढता येणं हे सर्रास लिहिलेलं असतं, आणि शेतातल्या पोराला दुसरं तर येतंच.

अडचण एकच मोठी. तीन वर्षांची बीएस्सी काही अमेरिकन विद्यापीठं पूर्ण पदवी धरत नाहीत. म्हणून आधी इथं एमएस्सी कर. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, म्हणजे डब्ल्यूआयआय, तिची वन्यजीव विज्ञानातली एमएस्सी, आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेची वाइल्डलाइफ बायॉलॉजी अँड कॉन्झर्वेशनची एमएस्सी, ही दोन नावं भिंतीवर लिहून ठेव. दोन्हीकडं प्रवेश परीक्षा-मुलाखत, जागा मोजक्या, बॅच दरवर्षी निघेलच असं नाही, वेबसाइट बघत राहायचं. पुण्यात भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था आहे, तमिळनाडूत मयिलादुतुरैचं एव्हीसी कॉलेज आहे. आणि काहीच नाही लागलं तर आपल्या नांदेडच्या नाहीतर संभाजीनगरच्या विद्यापीठातून झूलॉजी करूनसुद्धा माणसं पुढं जातात, फक्त डिझर्टेशन लॅबमधल्या माशावर न करता जंगलात कर, गाईड कुरकुरले तरी.

प्रश्न : काळं अस्वल म्हणजे आपल्याकडचंच ना? आपलं पण काळंच असतं. (हिंगोली)

उत्तर : रंगाने काळं, पण प्रजात वेगळी. जगात अस्वलाच्या ८ प्रजाती, त्यातल्या ४ भारतात. आपल्या महाराष्ट्रातलं ते स्लॉथ बेअर, लांब केस, छातीवर पांढरट इंग्रजी वाय किंवा व्ही, वरचे मधले दोन दात नसतात आणि त्या फटीतून वारुळातली वाळवी भुरकन ओढतं, आवाज लांबून ऐकू येतो. हे थंडीत झोपत नाही. हिमालयात, काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत, आशियाई काळं अस्वल. अमेरिकेतलं तिसरंच. एक मजेशीर गोष्ट म्हणजे अमेरिकन काळं अस्वल बऱ्याचदा तपकिरी असतं, कॅनडाच्या किनाऱ्यावर काही तर चक्क पांढरीही.

प्रश्न : मला आशियाई काळ्या अस्वलातच इंटरेस्ट आहे, अमेरिकेत नाही. इथं कुठं काम करता येईल? आणि स्कॉलरशिप? (जालना)

उत्तर : काश्मीरच्या दाचीगाममध्ये या अस्वलावर बरंच काम झालंय, हिमाचल-उत्तराखंडात माणूस-अस्वल संघर्षावर, आणि त्यातलं खूप काम डब्ल्यूआयआयच्या लोकांनी केलंय. तिथं प्रोजेक्ट फेलोच्या जागा निघतात, एमएस्सी झाली की अर्ज करत राहा, पीएचडीची वाट बऱ्याचदा तिथूनच फुटते. नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधन फेलोशिप, मिळवलीस तर सगळ्यात भारी, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं, आणि मुख्य म्हणजे पैसा तुझ्या नावावर येतो, गाईडच्या मेहेरबानीवर नाही. लाइफ सायन्सेसच्या पेपरात इकॉलॉजी आणि बिहेविअरचे वेगळे युनिट आहेत, ते आपले लोक सोडून देतात आणि बायोकेमिस्ट्री घोकत बसतात. तुला उलटं करायचंय. राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बघ. परदेशी शिष्यवृत्तीचं मात्र एक कोडं आहे. तिथं विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठराविक नंबरच्या आत लागतं, आणि अस्वलाचं चांगलं काम करणारी कितीतरी विद्यापीठं म्हणजे तिकडची शेतकी-वनखात्याशी जोडलेली राज्य विद्यापीठं, ती त्या यादीत असतीलच असं नाही. अर्ज करायच्या आधी यादी तपासायची.

आणि जपान! हे कुणी सांगतच नाही. होन्शू बेटावर हेच आशियाई काळं अस्वल आहे, शिकोकूत अगदी बोटावर मोजण्याइतकी उरलीत. डोंगरातल्या बीच नावाच्या झाडांना फळ धरलं नाही की अस्वलं गावात उतरतात, २०२३-२४ च्या वर्षात दोनशेच्या वर माणसं हल्ल्यात सापडली. त्यामुळं विषय तिकडं तापलेला आहे. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, अर्ज दूतावासामार्फत होतो. भाषा शिकायची तयारी पाहिजे, गावकऱ्यांशी बोलल्याशिवाय असलं काम होत नाही.

प्रश्न : आमच्या मक्यात अस्वल येतंय, गौताळा अभयारण्याच्या बाजूने. रात्री राखणीला जायची भीती वाटती. पोरं अमेरिकेत जाऊन अस्वलावर पुस्तकं लिहिणार, त्याचा आम्हाला काय उपयोग? (शेतकरी, कन्नड)

उत्तर : भाऊ, राग बरोबर आहे. बऱ्याच पीएचड्या कपाटात धूळ खातात, खोटं कशाला बोलू. पण सगळ्याच नाही. कोलोरॅडोत डुरँगो गावात काळी अस्वलं कचराकुंड्या उपसायची, तिथं संशोधकांनी काही भागांत अस्वलाला न उघडणारे डबे वाटले, काही भागांत नाही, आणि काही वर्षं मोजलं. जिथं लोकांनी डबे खरंच बंद ठेवले तिथं त्रास चांगलाच कमी झाला, जिथं डबा आहे पण झाकण लावत नाहीत तिथं नाही. आता 'डबे वाटा' म्हणणं आणि 'झाकण लावायला लावा' म्हणणं यात फरक आहे, तो मोजल्यामुळं कळला. आपल्या मक्याच्या बाबतीत असं कुणी मोजून बघायला पाहिजे की कुंपण, दिवे, फटाके, राखण यातलं नेमकं कशाने अस्वल वळतं. नुसता अंदाज कामाचा नाही.

तोवर एवढं पाळा. आपलं अस्वल माणसाला खायला येत नाही, ते दचकून अंगावर येतं. त्याला नीट दिसत नाही, वारुळ उकरताना नाक मातीत असतं, आणि आपण अगदी जवळ गेल्यावर त्याला कळतं. म्हणून रात्री एकट्याने जायचं नाही, दोघं-तिघं मोठ्याने बोलत, हातात चांगली बॅटरी. मोहाच्या दिवसात पहाटे अंधारात वेचायला जाणं सगळ्यात धोक्याचं, कारण ते अस्वलाचंही खाणं आणि वेळही तीच. पिल्लं पाठीवर घेतलेली मादी दिसली तर फोन काढू नका, मागं सरका. नुकसान झालं की लगेच वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या, उशीर केला की भरपाई अडकते.

आणि किनवटच्या पोरा, हे उत्तर तूही वाच. तुझ्या तालुक्याचं जंगल पैनगंगेच्या बाजूने यवतमाळला लागतं, दुसरीकडं तेलंगणाला. मोह, टेंभुर्णी, बोर, बहावा, हे सगळं अस्वल खातं आणि बिया विष्ठेतून लांब नेऊन टाकतं. त्या बिया धुऊन, मोजून, कुंडीत लावून किती उगवतात बघणं ही एमएस्सीची झकास डिझर्टेशन आहे, कॉलर नको, भूल नको. वनखात्याची परवानगी तेवढी काढायची, अभयारण्याच्या आत असेल तर नागपूरच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, आणि त्याला महिने लागतात, म्हणून अर्ज आधी, बाकीचं नंतर. अस्वल पकडून कॉलर लावायची तर दिल्लीपर्यंत फाइल जाते, एमएस्सीच्या पोराने त्या भानगडीत पडूच नये. मोह कोण कधी वेचतं हे तुझ्या आजीला विचारून जे कळेल ते बाहेरून आलेल्या संशोधकाला कळायला दोन सीझन जातील, हे भांडवल कमी समजू नकोस.

प्रश्न : मी उदगीरला बीव्हीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळे म्हणतात सरकारी दवाखान्याची परीक्षा दे. मला वन्यप्राण्यांत, जमलं तर अस्वलांत जायचंय. वेडेपणा आहे का? (उदगीर)

उत्तर : अजिबात नाही, उलट तुझ्या हातात बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. अस्वलाला कॉलर लावायची म्हणजे आधी भूल द्यायची, वजन अंदाजाने धरून डोस भरायचा, मग श्वास, नाडी, अंगाचं तापमान बघत बसायचं, आणि आपल्या उन्हात काळ्या केसाळ प्राण्याचं अंग तापायला वेळ लागत नाही. इकॉलॉजीवाल्या पोरांचे त्या अर्ध्या तासात हात कापतात, तिथं व्हेटशिवाय पान हलत नाही. नागपूरला गोरेवाड्याला तुमच्याच माफसूचं, म्हणजे पशुवैद्यक विद्यापीठाचं, वन्यजीव संशोधन केंद्र आहे, बरेलीजवळ इज्जतनगरची आयव्हीआरआय ही पशुवैद्यक संशोधन संस्था आहे. इंटर्नशिपसाठी आग्र्याचं अस्वल केंद्र बघ, वाइल्डलाइफ एसओएस चालवते. आपल्या आई-वडिलांनी दरवेशी बघितलेत, नाकात दोरी घालून अस्वल नाचवणारे, ते २००९ च्या सुमारास बंद झालं आणि ती शेकडो अस्वलं अशा केंद्रांत आली. मोडलेले दात, गेलेली दृष्टी, क्षयरोग, म्हातारपणाचे आजार, एवढी अस्वलं एका जागी तपासायला जगात फार कमी ठिकाणी मिळतात. आणि सरकारी परीक्षा दे की, दिल्याने काय बिघडतं.

प्रश्न : मुलगी एमएस्सी करतेय, जंगलात राहून संशोधन करायचं म्हणते. एकटी पोरगी, जंगल, अस्वल. आणि शेवटी नोकरी काय? (आई, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, अस्वलापेक्षा रात्री मोटरसायकलवरून येण्याची जास्त काळजी करा. तिला नाही म्हणण्याऐवजी गाईडला चार प्रश्न विचारायला सांगा : राहायची सोय कुठं, सोबत स्थानिक सहायक आहे का आणि त्याला पगार कोण देतं, गाडी कुणाची, काही झालं तर फोन कुणाला करायचा. जो गाईड याला चिडतो तो बदलावा. नोकरीचं खरं सांगायचं तर कमी आहेत आणि बऱ्याच कंत्राटी आहेत, व्याघ्र प्रकल्पांत बायॉलॉजिस्ट, संस्थांत प्रोजेक्टवर. पक्कं हवं असेल तर सोबत नेट किंवा सेट काढून ठेवावी प्राध्यापकीसाठी, नाहीतर एमपीएससीची वनसेवा. लग्नाचं विचारलंत ते छापत नाही.

प्रश्न : वीस प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकतंय? (परभणी)

उत्तर : तुझा मेल वाचला, पाठवलास ते बरं केलंस. 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट वाइल्डलाइफ' असं विसांना एकसारखं गेलंय, त्यातल्या दोघी बाई आहेत. नाव लिही. त्यांचा एक पेपर खरंच वाच आणि त्यातलं काय पटलं, कुठं शंका आली ते दोन ओळींत. मग तू स्वतः काय केलंस ते, कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) लावलास, विष्ठा तपासली, आर येतं, जे असेल ते. मग एकच सरळ प्रश्न, पुढच्या ऑगस्टसाठी विद्यार्थी घेणार आहात का आणि फंडिंग आहे का. एवढंच, मोबाइलच्या एका स्क्रीनवर मावेल इतकं, सोबत दोन पानांचा बायोडाटा. बऱ्याच ठिकाणी अर्जाची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते म्हणून मेल ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये गेले पाहिजेत, तू फेब्रुवारीत टाकलेत. जीआरई ही प्रवेशाची परीक्षा कितीतरी ठिकाणी आता मागत नाहीत, आधी विचार, मग फी भर. अस्वल संशोधकांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, आयबीए, तिचं उर्सस नावाचं जर्नल निघतं, त्यातली लेखकांची नावं बघत गेलास की कोण कशावर काम करतंय ते कळतं. दोन आठवड्यांनी एकदा आठवण कर, तरी उत्तर नाही आलं तर पुढचं नाव घे.